नाखवाबाईंचं शून्य

नाखवाबाईंसमोर कुणी काही ठामपणे बोललं, की त्या उजव्या हाताचा पंजा टेबलावर पालथा ठेवत आणि विचारत, "मूळ उघडलंत का?" समोर पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असो नाहीतर विभागप्रमुख, प्रश्न तोच आणि पंजाही तोच. एकदा लायब्ररीतला एसी बिघडला. दुरुस्तीवाला आला आणि खालूनच वर बघत म्हणाला, "मॅडम, कॉम्प्रेसर गेला." पंजा टेबलावर. "उघडून बघितलंत?" तो म्हणाला, "आवाजावरून कळतं ना." बाईंनी स्टूल आणलं, स्वतः धरून उभ्या राहिल्या आणि त्याला वर चढवलं. आतल्या जाळीवर बोटभर धूळ होती. जाळी धुतली, एसी चालू झाला. तो माणूस त्यानंतर लायब्ररीत येताना चपला दाराबाहेर काढायला लागला.

बाई आमच्या मेडिकल कॉलेजच्या ग्रंथपाल. कॉलेज पनवेलजवळचं, खासगी. नाव लिहीत नाही, कारण नाव बदलून दुसरं घातलं तरी पुढचं सगळं तसंच राहील. ग्रंथपाल म्हणजे आमच्या तोंडी ग्रंथपाल. कागदावर त्या ‘प्रभारी सहायक ग्रंथपाल’ होत्या. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग नोकरी सलग दिसू नये म्हणून एक दिवस घरी बसायचं, की पुन्हा अकरा महिने. अशी ऑर्डर ज्यांनी हातात घेतली आहे त्यांना मी आणखी काय सांगणार? बाईंवर काहीतरी गोड लिहावं म्हणून मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा कागद फाडून टाकले. गोड निघतच नाही. राग येतो. एकदोन जणांचा येतो आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा येतो. तेव्हा आता रागानेच लिहिते.

‘नाखवाबाई’ हे नाव आमच्या बॅचने ठेवलेलं. बाई उरणकडच्या खाडीकाठच्या गावातल्या, कोळ्याच्या घरातल्या, वडील मासेमारीच्या बोटीचे नाखवा. खारघरच्या टॉवरमधून आलेल्या आम्हा हुशार मुलामुलींना त्यात चिडवण्यासारखं काहीतरी वाटलं होतं. नाव बाईंच्या कानावर गेलं तेव्हा आम्ही चार दिवस लायब्ररीकडे फिरकलो नाही. पाचव्या दिवशी त्यांनीच मला कॅन्टीनमध्ये गाठलं. "नाखवाबाई म्हणता ना मला? म्हणा. नाखवा म्हंजे काय ते तरी ठाव हाय का? बोट बंदराला लागली का माझा बा पयली मानसं मोजायचा. मासली नंतर." एवढं बोलून त्या पुन्हा शुद्ध मराठीत आल्या आणि मी तीन महिन्यांपूर्वी नेलेलं पुस्तक परत मागितलं.

त्यांच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. त्या डबा लायब्ररीमागच्या गच्चीवर बसून खात, तरी एका प्राध्यापकांनी वास येतो म्हणून लेखी तक्रार केली. बाईंनी लेखीच उत्तर दिलं: आवारात सुकट खाण्यास मनाई करणारा नियम कोणत्या परिपत्रकात आहे, पान क्रमांक कळवावा, म्हणजे परिपत्रक नोंदवून ठेवता येईल. पान क्रमांक आला नाही. पुढे बरीच वर्षं ते प्राध्यापक लायब्ररीत स्वतः न येता शिपायाला पाठवत, आणि बाई त्याच्याकडून निरोपाची चिठ्ठी लिहून घेत.

पण बाईंची खरी करामत लायब्ररीबाहेर होती. रोज सकाळी त्या आमच्या बालरोग वॉर्डच्या राउंडला येत. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पांढऱ्या कोटांच्या मागे, दोरीला बांधलेला चष्मा गळ्यात आणि हातात जाड वही, अशा त्या उभ्या असत. राउंडवर जो प्रश्न निघे आणि ज्याचं उत्तर कुणालाच देता येत नसे, तो त्या वहीत उतरवून घेत. कुणी विचारला, कोणत्या पेशंटबद्दल, उत्तर नंतर कुणी शोधलं का, शोधलं तर उपचार बदलला का. आम्ही त्या वहीला प्रश्नवही म्हणायचो. आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळं कॉलेज मोठे सर म्हणतं, त्यांना ती वही आवडत नसे. "बाई आपली चूक लिहायला येतात," असं ते हसत म्हणायचे. त्यांच्या हसण्यावर आम्हीही हसायचो, कारण सह्या त्यांच्या हातात होत्या.

मी पहिल्या वर्षाची रेसिडेंट असताना ओवे गावातली एक बाई सात वर्षांच्या लेकीला घेऊन आली. गावामागच्या रानात पोरीच्या पायाला साप चावला होता. पाय पोटरीपर्यंत सुजला होता, चावल्या जागेतून रक्त थांबत नव्हतं. राउंड नुकताच सुरू झाला होता. मोठ्या सरांनी मला विचारलं, "प्रतिविषाचा डोस किती देणार?" मी म्हटलं, "सर, मला माहीत नाही." सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी कपडे न घालता आले होते. सर म्हणाले, "माहीत नाही हे उत्तर नसतं. लहान मूल आहे. वजन बघा, मोठ्यांच्या निम्मा द्या." मागून आवाज आला, "सर, हे कुठे दिलंय?" सरांनी मान न वळवता सांगितलं, "बाई, हा वॉर्ड आहे, वाचनालय नाही."

बाई निघून गेल्या. मी औषधाच्या बाटल्या तयार करायला घेतल्या, तेवढ्यात त्या जिना चढून धापा टाकत परत आल्या. हातात सरकारी मार्गदर्शिकेचं छापील पान, एका ओळीखाली पेन्सिलची रेघ. लहान मुलालाही डोस मोठ्या माणसाइतकाच. सरांनी पान वाचलं, पुन्हा वाचलं आणि मला म्हणाले, "हो, पूर्णच द्यायचा. उभ्या काय राहिलात?" पोरीची आई घाबरली. तिने बाईंचा हात धरला, कारण आमच्यात हात धरण्यासारखं माणूस तेवढंच होतं. "बाय, माजी पोर बारीक हाय. येवढं औषद सोसंल तिला?" बाई तिच्या बोलीत म्हणाल्या, "पोर बारीक हाय, पन साप बारीक नवता ना? इख सापाच्या मापानी शिरतं, पोरीच्या नाय." आईने बाईंचा हात सोडला, मी डोस चालू केला, आणि पोरगी आठवड्याने स्वतःच्या पायांनी घरी गेली. त्या वर्षीपासून मोठे सर दर व्याख्यानात सांगतात, "मूल लहान असतं, साप लहान नसतो." टाळ्या पडतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही टाळी वाजवली होती.

माझ्या थीसिससाठी जगभरातले लेख धुंडाळायचं काम बाईंनी मला शिकवलं. शिकवलं कसलं, निम्म्याहून जास्त त्यांनीच केलं. आधी माझ्याकडून प्रश्न लिहून घेतला आणि सहा वेळा परत केला. "हा प्रश्न नाही डॉक्टर, ही इच्छा आहे," असा शेरा चौथ्या कागदावर होता. मग कोणते शब्द घालायचे, कोणते वगळायचे, कोणत्या लेखाचा नुसता सारांश वाचून फसायचं नाही, हे सगळं. प्रत्येक लेखामागे पंजा टेबलावर आणि "मूळ उघडलंस का?" ‘उघडलंत’चं ‘उघडलंस’ कधी झालं ते मला आठवत नाही. थीसिस पूर्ण झाला. त्याच्या ऋणनिर्देशात मी गणपतीचे आभार मानले, आईबाबांचे मानले, मोठ्या सरांचे अर्धं पान मानले, मेसच्या काकांचे नावानिशी मानले. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं, ‘तसेच ग्रंथालयातील कर्मचारी वर्ग’. वर्ग! एकटी बाई होती ती.

माणसाने तोंडी सांगितलेल्या नावावरसुद्धा बाईंचा विश्वास नसे. एकदा मी घाईघाईने वॉर्डात चालले होते, तर त्यांनी दारात अडवून माझं ओळखपत्र मागितलं. रोजची ओळख असताना ओळखपत्र! मी वैतागून गळ्यातली पट्टी काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावला आणि कार्डावरचं अक्षरन्‌अक्षर वहीत उतरवून घेतलं, वडिलांच्या नावासकट. मी पाय आपटत निघून गेले.

आता त्या यादीबद्दल. मेडिकल कॉलेजात संशोधन किती होतं हे तपासायला दर थोड्या वर्षांनी समिती येते. ती आली की लेख मोजायचे आणि सायटेशन मोजायचे. तुमच्या लेखाचा उल्लेख दुसऱ्याने आपल्या लेखाच्या संदर्भयादीत केला, की तुमच्या नावावर एक सायटेशन जमा. जितकी जास्त, तितके तुम्ही मोठे. बढती त्यावर, कौतुक त्यावर, शाल-श्रीफळही त्यावरच. ही यादी कोण करायचं? नाखवाबाई. दोन-तीन आठवडे त्या प्रत्येक डॉक्टरचा प्रत्येक लेख शोधून, पडताळून तक्ता तयार करत. त्यातल्या कितीतरी लेखांसाठीचं शोधकाम त्यांनीच करून दिलेलं. "बाई, जरा एवढं सर्च करून द्या ना," म्हणत चहाचा कप हातात घेऊन जो तो यायचा. एकाही लेखावर त्यांचं नाव नव्हतं. तक्त्यातही नव्हतं, कारण त्या शिक्षकेतर. एकदा तक्ता छापताना त्या म्हणाल्या, "तुमचं सगळं मासलीवर चाललंय. किती गावली, किती मोठी. बोटीत कोण होतं ते कुणी विचारत नाय." मी तेव्हा माझ्या नावापुढचा आकडा बघत होते, त्यामुळे फक्त हसले.

बाईंनी मात्र एक लेख लिहिला. एकटीने, सुट्टीच्या दिवशी, कामोठ्याच्या भाड्याच्या खोलीत बसून. प्रश्नवहीतले दोन वर्षांचे प्रश्न घेतले आणि सिद्ध केलं की वॉर्डात पडणाऱ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं कुणी कधी शोधतच नाही. ते राउंड संपता संपता विरून जातात. आणि जे शोधले गेले त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी उपचार बदलावा लागला. वैद्यकीय ग्रंथपालांच्या एका लहानशा नियतकालिकात तो छापून आला. बाईंनी त्याची एक प्रत पिनेने टाचून मला आणून दिली. तोवर माझं शिक्षण संपून मी त्याच विभागात शिकवायला लागले होते. "वेळ मिळाला की वाच," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "वाचते नक्की." आणि प्रत खणात ठेवली. त्यात काय आहे ते मला ऐकून माहीत होतं, असं माझं मत होतं.

त्याच वर्षी मोठ्या सरांनी एका परिषदेत भाषण केलं. स्लाइडवर बाईंचा निष्कर्ष होता, मथळा ‘आमच्या संस्थेतील निरीक्षण’. खाली बारीक अक्षरात संदर्भ: सरांचं नाव आणि कॉलेजच्या वार्षिक स्मरणिकेचं नाव. मी त्या वेळी लहान मुलांच्या सर्पदंशावर एक मोठा आढावा लेख लिहीत होते. बढतीसाठी लेख हवा होता आणि मुदत संपत आली होती. मला एक वाक्य घालायचं होतं की वॉर्डातले प्रश्न न शोधता सोडून दिले जातात. ते मी सरांच्या स्लाइडवरून उचललं आणि संदर्भही तिथूनच, जसाच्या तसा. यादीत अठरावा. हे काम बाईंचं आहे हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण मी स्वतःला सांगितलं, सरांनीही कुठेतरी छापलं असेल. खण उघडायला किती वेळ लागतो? मी उघडला नाही.

माझा लेख चालला. देशभरातल्या लोकांनी वाचला, आणि वाचला त्याहून जास्त वापरला. ते वाक्य तर सगळ्यांना फारच सोयीचं पडलं. पुढच्यांनी ते माझ्याकडून उचललं, अठराव्या संदर्भासकट. त्यांच्याकडून त्यांच्यापुढच्यांनी. स्मरणिका कुणी मागितली नाही, बघितली नाही, ती आहे का हेही विचारलं नाही. एकाने दुसऱ्याची यादी उतरवायची, दुसऱ्याने तिसऱ्याची, आणि याला आम्ही संशोधन म्हणतो. परीक्षेत पोरांनी केलं तर आम्हीच त्यांना वर्गाबाहेर काढतो. सरांच्या नावावर सायटेशन पडत राहिली, एका अशा लेखाची जो जगात कुठेच नव्हता. ज्या लेखात ते काम खरोखर होतं, त्याच्यापुढे शून्य.

पुढच्या तपासणीच्या वेळी बाईंनी माझी यादी माझ्या हातात दिली. माझा आकडा चांगलाच वाढला होता. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या लेखातला अठरावा संदर्भ एकदा उघडून बघा." ‘तुमच्या’ म्हणाल्या. तेवढ्यावरूनही मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, "हो, बघते." मला वाटलं, पानाचा आकडा चुकला असेल. बाईंना अशा बारीकसारीक गोष्टींचा सोसच आहे.

मग कायम ग्रंथपालाची जागा निघाली. अकरा महिन्यांच्या ऑर्डरी संपायची ही एकच संधी, बाईंच्या निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. निवड समितीत मोठे सर अध्यक्ष, आणि विभागाची प्रतिनिधी म्हणून मी. टेबलापलीकडे मुलाखतीला बाई, आमच्यासमोर गुणांचा तक्ता. संशोधनाच्या रकान्यात बाईंच्या नावापुढे लिहिलं होतं: लेख एक, सायटेशन शून्य. दुसऱ्या उमेदवाराचे डझनभर लेख. ते कसल्या नियतकालिकांत होते ते आम्हाला चांगलं माहीत होतं, पण डझन ते डझन. सर म्हणाले, "बाई, तुमच्या सेवेबद्दल आदर आहेच. पण संशोधनाचा काही प्रभाव दिसत नाही हो." हे वाक्य त्या माणसाने उच्चारलं, ज्याच्या खिशात त्या प्रभावाची प्रत्येक चिंधी होती! बाईंनी पंजा टेबलावर ठेवला. "हे शून्य कुणी मोजलं? मूळ उघडून मोजलं का?" हे विचारताना त्या सरांकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, सवयीने विचारलं. मी मान खाली घालून तक्त्यावर सही केली.

जागा दुसऱ्याला मिळाली. बाईंनी पुढची अकरा महिन्यांची ऑर्डर घेतलीच नाही. निरोप समारंभ नाही, कारण शिक्षकेतर कंत्राटी माणसाला निरोप द्यायची पद्धत नाही. प्रश्नवह्या कापडी पिशव्यांत भरून त्या उरणच्या बसने गेल्या. मी त्या दिवशी ओपीडीत होते. राउंडला मागे कुणी उभं नाही हे माझ्या लक्षात यायलासुद्धा आठवडा गेला.

वर्षभराने विदर्भातल्या एका कॉलेजच्या ग्रंथपालाचा मेल आला, अनोळखी माणूस. त्याने लिहिलं होतं: आपल्या लेखातला अठरावा संदर्भ आमच्याकडच्या विद्यार्थ्याला हवा आहे, कुठेच सापडत नाही, कृपया मूळ पाठवाल का? मी लायब्ररीत जाऊन स्मरणिकांचा गठ्ठा काढला. त्या वर्षीच्या स्मरणिकेत सरांचा फोटो होता, संदेश होता, लेख नव्हता. मी सरांकडे गेले. ते हसले. "अगं, छापलंय कुठे? स्लाइडखाली काहीतरी टाकावं लागतं. तू तेच उचललंस? चांगलंच चाललं की पण ते." मी विचारलं, "सर, ते बाईंचं काम होतं, त्याचं काय?" ते म्हणाले, "बाईंचं म्हणजे विभागाचंच ना." मी दार आपटून बाहेर आले, आयुष्यात पहिल्यांदा. पण दार आपटलं म्हणून ती सही पुसली जात नाही, आणि ते मला जिना उतरतानाच कळत होतं. सरांनी चोरी केली होती, पण चोरीच्या मालावर पक्का शिक्का मी मारून दिला होता.

माझा लेख छापणाऱ्या नियतकालिकाला मी पत्र लिहिलं, की अठरावा संदर्भ बाईंच्या लेखाचा हवा. दुरुस्ती छापू, असं उत्तर आलं. एक ओळ. ज्या सगळ्यांनी माझ्याकडून उचललं होतं त्यांना दुरुस्त करणारं कुणी नव्हतं. तरी त्या ओळीची प्रिंट काढली, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली आणि रविवारी सकाळी बाईंच्या गावी गेले.

बाई पडवीत बसल्या होत्या. शेजारची एक म्हातारी गोळ्यांची पाकिटं मांडीवर पसरून बसली होती, आणि बाई एकेक पाकीट डॉक्टरच्या चिठ्ठीशी ताडून बघत होत्या. मला बघून त्यांना आनंद झाला नाही. तो झाल्याचं त्यांनी दाखवलंही नाही. म्हातारी गेल्यावर मी फोल्डर पुढे केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "यादी मीच करायची ना. तुझ्या लेखातून कोनी कोनी उचललं ते समदं मी बगतच होते."

"मग तुम्ही मला स्पष्ट का नाही सांगितलंत?"

"अठरावा म्हनून सांगितला. आनखी किती स्पष्ट पायजे गो?" त्यांचा आवाज चढला. बाईंचा आवाज चढलेला मी तोवर ऐकला नव्हता. "मी कमिटीसमोर वराडले असते तर काय म्हनाले असते? बाई आपलंच घोडं दामटते. ज्यानी झाकलंय त्यानी उघडायचं. मी तुझ्याकडं बगत बसले व्हते. आता बोलंल, मग बोलंल. तू सई केलीस."

 त्यांनी फोल्डरमधला कागद काढला, चष्मा लावून ती एक ओळ वाचली. त्यांचं नाव, नियतकालिक, अंक, पान. मग त्यांनी कागद जमिनीवर ठेवला आणि त्यावर पंजा ठेवला.

"माझा लेख वाचलास?"

मी रिकामा फोल्डर उचलून मांडीवर घेतला.

"आज येताना तरी?"

मी वाचला नव्हता. दुरुस्तीतला तपशील मी डेटाबेसमधून उतरवून घेतला होता. माफी मागायला आले होते, आणि तीही दुसऱ्याची यादी उतरवून! प्रत माझ्याच खणात होती, मला माहीत होतं की आहे, आणि तरीही मी खण उघडला नव्हता.

"मग ह्ये बरोबर हाय त्ये तुला कसं कळलं?" बाईंनी विचारलं. उत्तराची वाट न बघता त्या उठल्या, चहा आणून माझ्यासमोर ठेवला. "चा घे. आनि जा. वाचल्याबिगर येऊ नको."

मी चहा प्यायले आणि आले. घरी न जाता कॉलेजात गेले. रविवार असल्यामुळे विभाग बंद होता, शिपायाकडून किल्ली घेतली. खणात तळाशी प्रत होती, पिन गंजून कागदाला तांबूस डाग पडला होता. सहा पानांचा लेख. तिथेच उभ्याने वाचला. कुठेही एक शब्द जास्त नाही, आणि ज्या वाक्याला मी आणि माझ्यामागून सगळ्यांनी वापरून वापरून गुळगुळीत केलं, ते त्यात तसं नव्हतंच. बाईंनी फार सावधपणे लिहिलं होतं. आमच्या वॉर्डात, या दोन वर्षांत, माझ्या वहीपुरतं. आम्ही ते उचलताना ‘आमच्या’ही पुसलं आणि ‘माझ्या’ही.

शेवटच्या पानावर ऋणनिर्देश. मोठ्या सरांचं नाव नाही, संस्थेचं नाही, गणपतीचं नाही. एकच वाक्य आहे, एकाच माणसाबद्दल: ‘राउंडवर सर्वांसमोर "मला माहीत नाही" असे म्हणणाऱ्या पहिल्या डॉक्टर … यांची मी ऋणी आहे, ही वही त्या दिवसापासून अभ्यास झाली.’ आणि त्या वाक्यात, ‘डॉक्टर’च्या पुढे, माझं नाव. माझं, माझ्या वडिलांचं, आडनाव, पदवी, विभाग, सगळं पूर्ण आणि सगळं बरोबर. ते बरोबर असावं म्हणून त्यांनी मला दारात अडवून ओळखपत्र मागितलं होतं, आणि मी पाय आपटत निघून गेले होते.